बंदुकीच्या आधीचा अर्ज शोधा

कळव्याच्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी सकाळी जाते. स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, बहुतेक दिवा, मुंब्रा, ऐरोली, घणसोलीकडची. ‘अंतर्गत सुरक्षा’ हा भाग आला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, नक्षलवादाची कारणं सांगा ना, मुद्दे द्या." मग गरिबी, बेरोजगारी, मागासलेपण, दुर्गम भाग हे चार शब्द वहीत उतरतात. मी पेन खाली ठेवायला सांगते आणि विचारते, "जव्हार-मोखाडा किती गरीब आहे?" १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं गेली. तेव्हा तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. मेळघाटातही भुकेच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. तरी त्या डोंगरांत दलमांना, म्हणजे नक्षलवाद्यांच्या हत्यारी तुकड्यांना, पाय रोवता आले नाहीत. गडचिरोलीत ती चाळीस वर्षांवर टिकली. भूक सगळीकडेच होती. मग फरक कुठे पडला?

सव्वीस वर्षं मी घरोघरी फिरून पाहणीचे तक्ते भरले. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, डहाणू. कधी रेशनची पाहणी, कधी बाळंतपणाची, कधी वनहक्काची. बंडखोरीवरची प्रश्नावली मला कधीच कोणी दिली नाही. पण रेशनचं विचारता विचारता लोक जे सांगत, त्यातूनच मला हा विषय कळत गेला. कोणाला हा अभ्यास मनापासून करायचा असेल, तर मी जसा केला तसा सांगते.

पहिली गोष्ट, नकाशा लहान करा. ‘भारतात नक्षलवाद का वाढला’ या प्रश्नाला कोणीही काहीही उत्तर देऊ शकतं. ‘१९८० च्या सुमारास गडचिरोलीतल्या एटापल्ली-अहेरीकडच्या गावांनी बाहेरून आलेल्या हत्यारी लोकांना घरात का घेतलं’ असा प्रश्न विचारा. मग तुम्हाला रस्ता कुठे संपतो, बाजार कोणत्या वारी भरतो, जंगलखात्याचा नाका कुठे आहे, तलाठी महिन्यातून किती वेळा येतो, हे सगळं शोधावंच लागतं. एक तालुका, दहा वर्षांचा काळ. त्याहून मोठं काही पहिल्यांदा घेऊ नका.

दुसरी गोष्ट, तीन प्रश्न वेगळे ठेवा. लोक का चिडले, त्यातल्या काहींनी हत्यार कधी उचललं, आणि ते इतकी वर्षं का चाललं. मी त्यांना मूळ, ठिणगी आणि इंधन म्हणते. आपली गल्लत होते ती इथेच. वासुदेव बळवंत फडक्यांचं उदाहरण घ्या. शिरढोण पनवेलच्या पलीकडे, इथून तासाभरावर. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेल्या या माणसाला आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही, पोचेपर्यंत आई गेली होती. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि तिलाच बंडाचं कारण समजतो. पण रजेच्या अर्जानं एक माणूस पेटला. १८७९ मध्ये त्यांच्या मागे रामोशी उभे राहिले ते आईच्या रजेसाठी नव्हे. त्याआधी १८७६-७७ चा दुष्काळ पडून गेला होता, माणसं रस्त्यावर मरत होती आणि सारा वसूल होत होता. गावं-गड राखण्याचं जे काम रामोश्यांच्या बापजाद्यांनी केलं, त्याची किंमत नव्या राज्यात उरली नव्हती. मूळ तिथे होतं. फडक्यांची वैयक्तिक जखम ही ठिणगी.

मिझोरामकडे बघा, म्हणजे तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या दिसतील. तिथल्या डोंगरांत साधारण ४८ वर्षांनी एका जातीच्या बांबूला एकदम फुलोरा येतो, त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातलं नि कोठारातलं धान्य फस्त करतात. त्याला मिझो लोक माउताम म्हणतात. जुन्या माणसांना वर्ष ठाऊक होतं. जिल्हा परिषदेनं आधीच आसाम सरकारला कळवलं, तयारीसाठी पैसे मागितले. गुवाहाटी-शिलाँगकडच्या साहेबांना ही अडाणी माणसांची समजूत वाटली. १९५९ मध्ये बांबू फुलला आणि दुष्काळ पडला. मदत करायला १९६० मध्ये गावातल्याच लोकांनी दुष्काळ निवारणाची संघटना काढली, लालडेंगा तिचे पुढारी. पाठीवर तांदूळ वाहून नेणाऱ्या त्या संघटनेच्या नावातला ‘दुष्काळ’ हा शब्द १९६१ मध्ये गळला आणि ती मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ च्या फेब्रुवारीअखेर बंड. मार्चमध्ये ऐझॉलवर विमानांतून मारा झाला, पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत नेली. ज्यांचा बंडाशी संबंध नव्हता त्यांचीही घरं गेली. हे झालं इंधन. शांतता करार झाला ३० जून १९८६ ला. आसाम सरकारच्या टेबलावर पडून राहिलेला तो एक अर्ज आणि मधली वीस वर्षं, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते.

माझा सगळा अभ्यास याच एका कामावर येऊन ठेपतो. पहिली गोळी सुटण्याआधी त्या लोकांनी दिलेला शेवटचा अर्ज शोधायचा. तो कोणाकडे दिला, काय मागितलं होतं आणि त्याचं काय झालं. अर्ज म्हणजे कागदच असं नाही. कधी तो मोर्चा असतो, कधी साहेबापुढे जोडलेले हात, कधी मत. १९८७ च्या काश्मीरच्या निवडणुकीत श्रीनगरच्या अमीराकदल मतदारसंघात एक उमेदवार उभा होता, मोजणीत गडबड झाल्याचा आरोप झाला, तो हरल्याचं जाहीर झालं आणि त्याला तुरुंगात टाकलं. त्याचं नाव मोहम्मद युसुफ शाह. नंतर जग त्याला हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या सय्यद सलाहुद्दीन म्हणून ओळखू लागलं, आणि त्यानं काश्मिरींचं जे रक्त सांडलं त्याला क्षमा नाही. पण तेव्हाची मतपेटी हा तिथल्या कित्येक तरुणांचा अर्जच होता, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. माझं माहेर ऐरोलीचं दिवा गाव. आमची खाजणातली भातशेती होती, खाडीचं पाणी अडवणारा बांध, त्याला पाणी सोडायची लाकडी उघाडी. आधी कारखाने आले, मग शहर. शेती गेली तेव्हा माझ्या आजीनं, आयनं, आरडाओरडा केला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जमीन गेली त्याचा येवरा नाय वाटला गो. पन मना कोनी इचारला नाय." बांधाची कामं तिनं केली होती, सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. मोजणीला आलेल्या माणसांना तिनं पाणी दिलं आणि त्यांनी ते पिऊन फक्त माझ्या आजोबांशी बोलणं केलं.

आमच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत एक दुधाची पिशवी होती, धुऊन वाळवलेली. तिच्यात बाबांच्या अर्जांच्या पोहोचा. एका कचेरीत ते नुकसानभरपाईच्या फरकासाठी जात. आवक खिडकीवरचा माणूस अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारायचा, जांभळा, अर्धा उमटलेला. बाबा घरी आले की ती प्रत उन्हाच्या बाजूला धरून शिक्क्यातली तारीख वाचायचे आणि आईला सांगायचे, "लागली." म्हणजे नोंद लागली. अशा अकरा पोहोचा होत्या. उत्तर एकालाही नाही. गडचिरोलीत पहिल्या वर्षी एका माडिया म्हाताऱ्यानं मला झोपडीच्या आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली, आत वनजमिनीच्या दाव्याचे कागद. मी काही बोलूच शकले नाही. ती पिशवी मला ओळखीची होती.

मग आमच्याकडे बंदुका का निघाल्या नाहीत? मुळं शोधताना जिथे बंड झालं तेवढंच पाहणारा माणूस फसतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. तेच दुःख असून जिथे झालं नाही, ते गावही पाहा. १९७० मध्ये नवी मुंबईचा घाट घातला गेला, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन त्यात आली. राग काही कमी नव्हता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई आणि पागोट्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मे झाले. मी तेव्हा अकरावीत होते, माझा मोठा काका जासईला गेला होता आणि रात्री उशिरा एकाच पायात चप्पल घालून परत आला. त्या दिवसांत आमच्या ओटीवर बसून पोरं जे बोलत होती ते मला अजून आठवतं. कोणीतरी येऊन त्या रागाला हत्यार दिलं असतं, तर काय झालं असतं सांगता येत नाही.

पण त्या रागाला जायला जागा होती. दि. बा. पाटील आमच्यातलेच, वकील, शेकापचे आमदार, पुढे खासदार. विधानसभेत आमच्या बोलीत बोलू शकेल असा माणूस होता, कोर्ट होतं, मुंबईची वर्तमानपत्रं खाडीपलीकडे होती. आणि मुख्य म्हणजे अर्जाला उशिरा का होईना उत्तर आलं, विकसित जमिनीतली साडेबारा टक्के परत देण्याची योजना. ती पुरी पडली असं मी म्हणणार नाही, आजही कित्येक घरांचे दावे रखडलेले आहेत. तरी दार किलकिलं झालं. डहाणू-तलासरीच्या वारल्यांचं असंच. १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरले, वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणं) बंद झाली पाहिजे म्हणून वारली उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. तरी त्यांच्या हाती संघटना होती, संप होता, पुढे निवडून आलेले आमदार होते. एटापल्लीत ७० च्या दशकात यातलं काय होतं? हे शोधा. आणि भूगोलही मोजा. तलासरीच्या मागे तीन राज्यांत पसरलेलं सलग जंगल नाही. गडचिरोलीच्या मागे आहे.

दाम विचारायला लाजू नका. पैशापैशाचा हिशेब जिथे बोलता येत नाही तिथे बाकीचं कोणी बोलणार नाही. मे महिन्यातली तेंदूची फळी, म्हणजे विडीची पानं मोजून घेण्याची जागा, मी जवळून पाहिली आहे. पहाटे तीनला बाया जंगलात जातात, दुपारी घरातली सगळी, सहा वर्षांच्या पोरापासून, पानं जुळवायला बसतात. ७० पानांचा एक पुडा, वाखाच्या दोरीनं बांधायचा. संध्याकाळी फळीवर रांगेत मांडायचे, शंभराच्या ओळी. ठेकेदाराचा मुन्शी काठी घेऊन ओळीतून चालतो. एका बाईचे चार पुडे त्यानं काठीनं बाजूला सारले, पानं फाटकी म्हणून. ते मोजले नाहीत. बाई ते उचलायला वाकली तर म्हणाला, राहू दे. अंधार पडल्यावर ते चार पुडे बाकीच्या ढिगातच गेले, मी पाहिलं, तिनंही पाहिलं. ती काहीच बोलली नाही, उरलेल्या दोरीचं भेंडोळं करून कमरेला खोचलं आणि गेली. १९८० मध्ये दलमांनी तिथे आल्याआल्या हात घातला तो तेंदूच्या दराला आणि बांबू कटाईच्या मजुरीला. क्रांतीची भाषा नंतर आली. आधी मुन्शीची काठी थांबली, आणि ती थांबवणारा पहिला माणूस हातात बंदूक घेऊन आला होता. शासनाचा माणूस आधी आला असता तर, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

बंडवाले काय नष्ट करतात तेही वाचायला शिका. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांत घुसले. अनेक गावांत हेच लोण पसरलं. सावकारांचे खून जवळजवळ नाहीत, ते कर्जरोखे आणि वह्या मागत होते आणि त्या जाळत होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, साऱ्याचे आकडे मात्र वाढले, हे मूळ त्या राखेतून कळतं. सरकारनंही ते वाचलं, चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. उलट बाजूही बघा. जेव्हा बंडवाले शाळा उडवतात, रस्त्यावरचं यंत्र जाळतात, खबरी म्हणून गावातल्याच माणसाला मारून चिठ्ठी ठेवतात, तेव्हा त्यांचं आणि गावाचं दुःख आता एक राहिलेलं नाही हे ओळखा. गडचिरोलीत असे मारले गेले त्यांत आदिवासीच जास्त. मी ज्या घरात तीन रात्री राहिले होते, त्या घरचा कर्ता पुरुष पुढच्या वर्षी नव्हता. कारण समजून घेणं म्हणजे त्या हाताला माफ करणं नव्हे, हे त्याच्या बायकोसमोर बसताना मी शिकले.

‘बाहेरचा हात’ हे उत्तर कोणी दिलं तर खोडू नका, पण तपासा. मिझो बंडखोरांना पूर्व पाकिस्तानात आसरा होता. १९७१ मध्ये तो देशच राहिला नाही, तरी बंड आणखी पंधरा वर्षं चाललं. बाहेरचा हात इंधन घालतो. पेरलेलं उगवायला जमीन आपलीच लागते.

आता बोलायचं कसं. हे नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर तिची किंमत तुम्ही देत नाही, ती गावातलं माणूस देतं. जिथे संघर्ष अजून चालू आहे तिथे एकट्यानं जाऊ नका, ग्रामसभेला कळवल्याशिवाय जाऊ नका. सकाळी पोलीस ठाण्यात चहा आणि दुपारी त्याच गाडीतून गावात, असं कधीही करू नका. दलमांना कोण जेवण देतं, कोण आलं होतं, कुठे गेले, हे विचारायचंच नाही. कोणी आपण होऊन सांगू लागलं तर विषय बदला. वहीत माणसांची नावं लिहू नका, मी घरांना झाडांची नावं द्यायचे, चिंचेचं घर, मोहाचं घर. पहिले दोन दिवस काहीच विचारू नका. पाणी भरायला बायांबरोबर जा. ओटीवर पुरुष गावाची बाजू सांगतात, पाणवठ्यावर बाया घराची.

आणि ‘का’ विचारू नका. ‘तुम्ही त्यांना का साथ दिली’ या प्रश्नात आरोप आहे. ‘तेव्हा तुम्ही कोणाकडे गेला होता’ असं विचारा. यावर माणूस उठतो आणि पिशवी काढून आणतो. गोंडी किंवा माडिया येत नसेल तर दुभाष्या गावाबाहेरचा नको आणि सरपंचाच्या घरचाही नको, शाळा सोडलेली एखादी मुलगी सगळ्यात चांगली.

कागद वाचायचे तर गावातून आल्यावर वाचा, आधी नको, नाहीतर तुम्ही वाचलेलंच ऐकाल. २००८ मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटानं, डी. बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली, अतिरेकग्रस्त भागातल्या विकासाच्या प्रश्नांवर अहवाल दिला, तो पूर्ण वाचण्यासारखा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याची तर उद्देशिकाच वाचा. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला असं संसदेनं स्वतः तिथे लिहून ठेवलं आहे.

त्या कायद्याखाली काय घडू शकतं ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात दिसतं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला, निर्णय सर्वांच्या संमतीनं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू तोडून न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याकडेच, आणि तो मिळेना. गाव अडून राहिलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याच गडचिरोलीत, दलमांच्याच काळात, एका अर्जाला असंही उत्तर मिळालं. आता कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात आणि फळीवर गावचाच मुन्शी असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. अभ्यासिकेतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग आता हा विषय संपला का?" मी त्याला म्हटलं, आता तर अभ्यास करणं सोपं झालंय, लोक पहिल्यांदा न घाबरता बोलतील. एक तालुका घे. सामूहिक वनहक्काचे किती दावे आले, किती मंजूर झाले, किती परत पाठवले आणि कोणत्या कारणानं, हे माहिती अधिकारात माग. खाणीसाठी ग्रामसभा झाली असेल तर तिचं इतिवृत्त आणि त्यावरच्या सह्या पाहा, बायकांच्या सह्या वेगळ्या मोज.

तोवर सराव म्हणून एक काम इथलंच देते. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात, पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या किल्ल्यात, २ मे १८४८ ला राघोजी भांगरेंना फाशी दिलं. गड-घाट राखणाऱ्या महादेव कोळी नाईकांचे तनखे इंग्रजांनी कापले आणि सावकारांनी जमिनी गिळल्या, तिथून ते बंड उठलं. त्या भिंतीच्या कडेनं चालत जा आणि मग परत फिरून आपल्याच एखाद्या गावठाणात शिरा, घणसोली, गोठिवली, दिवा, कुठेही. सत्तरी ओलांडलेली एक बाई गाठा. जमीन गेली तेव्हा कोणाकडे गेला होतात, एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती ट्रंक उघडेल. पोहोच दाखवली तर तिच्यावरची तारीख उतरवून घ्या, शिक्का पुसट असेल तर कागद उजेडाकडे धरा.